शिवणीतली माया : आमची वाटचाल

वादकाचे माप घेण्याची एक पद्धत बाबांनी आमच्या गिरगावातल्या दुकानात घालून दिली आणि ती आम्ही आजवर मोडलेली नाही. कोट शिवायला येणाऱ्या वादकाने आपले वाद्य बरोबर आणावे, आणि ते आणण्याजोगे नसेल तर वाजवताना हात कसे राहतात ते टेपसमोर उभे राहून दाखवावे. ट्रंपेटवाल्याची छाती दोनदा मोजायची, एकदा सैल आणि एकदा श्वास पूर्ण भरून, आणि कापड दुसऱ्या मापावर बेतायचे. व्हायोलिनवाल्याच्या डाव्या खांद्यात पॅड पातळ ठेवायचे, कारण वाद्य हनुवटीखाली गेले की जाड पॅड वर उचलले जाते आणि कॉलर मानेपासून सुटते. ड्रमरचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचे भोक, उंच ठेवायचा. हात मोकळा हलायला मुंढा खोल हवा असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात मुंढा जितका खोल, तितका हात वर करताना अख्खा कोट हाताबरोबर वर येतो. गिटारवाल्याची बटणे झाकपट्टीखाली घ्यायची, नाही तर वाद्याच्या पाठीवर ओरखडे उठतात आणि त्याचा राग शिंप्यावर निघतो.

बाबा मूळचे सावंतवाडीचे. साठच्या दशकाच्या आरंभी ते वेंगुर्ल्याहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि गिरगावातल्या एका मास्टरकडे काज-बटणाच्या कामावर लागले. वर्षभरात त्यांच्या लक्षात आले की दुकानात येणाऱ्या गोव्याच्या गिऱ्हाइकांशी मास्टरला मोडक्या हिंदीत बोलावे लागते, तर त्यांची मालवणी आणि गिऱ्हाइकांची कोंकणी यांचे सहज जमते. ही मंडळी बहुतेक धोबीतलावाच्या बाजूला आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या क्लबांत, म्हणजे कुडांत, राहणारी होती. त्यांत बोटीवरचे खलाशी आणि आचारी होते, तसेच वादकही होते. दिवसा ताडदेवच्या किंवा महालक्ष्मीच्या स्टुडिओत सिनेमाच्या गाण्याचे रेकॉर्डिंग आणि रात्री हॉटेलात बँड, असे त्यांचे वेळापत्रक असे. कोटाची माया, म्हणजे शिवणीत आत दुमडून राखलेले जास्तीचे कापड, एरवीपेक्षा दुप्पट ठेवायला बाबांनी सुरुवात केली ती याच वादकांसाठी. हॉटेलचा करार संपला की एकाचा कोट दुसऱ्याच्या अंगावर जाई, आणि दुसरा क्वचितच पहिल्याइतका सडपातळ असे.

चर्चगेटच्या रस्त्यावर, म्हणजे वीर नरिमन रोडवर, तेव्हा संध्याकाळी वेगळीच मुंबई असे, हे मी बाबांकडून ऐकलेले आहे. 1956 मध्ये उघडलेले गेलॉर्ड, अॅस्टोरिया हॉटेलातले व्हेनिस, पलीकडचे अॅम्बॅसेडर, अशा ठिकाणी बँड वाजत. वादक ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांचे नाव जोडीने घेतले जाते, ती जोडी व्हेनिसमध्ये गात-वाजवत असे. दारूबंदीचा 1949 चा कायदा डोक्यावर होताच, त्यामुळे परमिटाशिवाय पेला हातात धरणे गुन्हा होता. पण सॅक्सोफोन ऐकायला परमिट लागत नव्हते. बाबा हॉटेलात पुढच्या दाराने कधीही गेले नाहीत. तयार कोट घेऊन ते मागच्या दाराने आत जात, बँड उभा राही त्या कोपऱ्यामागे एका स्टुलावर बसत, आणि पहिल्या दोन गाण्यांत कुणाची बाही ओढते आहे ते पाहून घेत. उन्हाळ्यात पांढरे शार्कस्किन कापड, थंडीत गडद रंग, आणि बँडच्या प्रमुखाला लेपलवर, म्हणजे कॉलरखालच्या दुमडीवर, साटीन, एवढाच फरक. पांढऱ्या कोटाला घामाने काखेत पिवळेपणा येई, म्हणून काखेतल्या अस्तराचा तुकडा उसवून बदलता येईल असा वेगळा लावण्याची युक्ती बाबांची होती. त्याच कमाईतून त्यांनी आजच्या जागेची पागडी भरली.

पुढचा काळ थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे कमी आणि सोसण्यासारखे जास्त होते. सत्तरच्या दशकात हॉटेलांतले बँड एकेक करून बंद होऊ लागले आणि बाबांची गिऱ्हाइके रेकॉर्डिंगवर, बोटीवर किंवा परदेशी गेली. मग गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांनी आम्हाला तारले. त्यांना टिकल्यांचे कोट हवे असत, आणि टिकल्यांच्या कापडावर मशीनची सुई तासातासाला तुटते हे त्या दिवसांत मी शिकलो. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणगावातल्या मंडळांची वर्गणी आटली, तशी आमच्याकडची कामेही आटली. त्यानंतर बरीच वर्षे आमचे घर शाळेच्या गणवेशांवर चालले. 1986 पासून आमच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर, रंगभवन या खुल्या रंगमंचावर, इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाचे कार्यक्रम होऊ लागले, तेव्हा मला वाटले की आता दिवस पालटणार. हजारो मुले आली, पण सगळी काळ्या टी-शर्टमध्ये. रॉकवाल्यांना शिंपी लागत नाही, हे व्यवसायाच्या दृष्टीने त्या संगीताबद्दलचे माझे एकमेव मत आहे. रंगभवन पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे थंडावले, तेव्हा त्या मुलांइतके वाईट मला वाटले नाही, हेही प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

खरा बदल डिसेंबर 2007 नंतर आला. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ब्लू फ्रॉग हा संगीत क्लब सुरू झाला आणि जिथे साचे चालत होते त्या आवारात लोक तिकीट काढून जॅझ आणि नवी स्वतंत्र गाणी ऐकू लागले. त्याच सुमारास एका दुपारी वांद्र्याहून एक तरुण सॅक्सोफोनवादक आजोबांचा कोट पिशवीत घालून दुकानात आला. कोट खांद्यात दोन इंच मोठा होता आणि छातीत आखूड पडत होता, म्हणजे शिंप्याच्या दृष्टीने दोन्हीकडून अडचण. ऐंशीच्या घरात पोहोचलेले बाबा कोपऱ्यात बसून असत. त्यांनी कोट उलटा करून अस्तराखाली बोट घातले आणि म्हणाले, "हो कोट आमचो नाय." मग थोडा वेळ शिवण चाचपून त्यांनी पुढे सांगितले की हा धोबीतलावच्या एका दुसऱ्या मास्टरचा हात आहे, काम चांगले आहे आणि बाजूच्या शिवणींत दीड-दीड इंच माया आहे. आपल्या प्रतिस्पर्ध्याची एवढी स्तुती त्यांनी मी ऐकण्यात पुन्हा कधी केली नाही.

तो कोट उसवायला मला दोन दिवस लागले. जुन्या हातशिलाईच्या कोटात छातीचा कॅनव्हास डिंकाने चिकटवलेला नसतो, तो बारीक टाक्यांनी कापडाशी बांधलेला असतो. त्यामुळे तो सोडवून पुन्हा बसवता येतो. आजकालच्या तयार कोटात तो बहुधा चिकटवलेला असतो आणि एकदा बुडबुडे आले की त्यावर इलाज नाही. खांदे आत घेतले, बाजूची माया सोडली, पन्नास वर्षांच्या घडीची खूण वाफेने जितकी जाईल तितकी घालवली. उरलेली पुसट रेघ मी गिऱ्हाइकाला दाखवली, तेव्हा तो म्हणाला की ती राहू द्या. त्या वेळी मला ते समजले नाही. पुढच्या दोन वर्षांत त्याचे मित्र, मित्रांचे मित्र आणि मग मुळीच वाजवत नसलेली मुलेही जुने कोट घेऊन येऊ लागली, आणि प्रत्येकाला ती रेघ हवी होती.

हिपस्टर, म्हणजे चारचौघांपेक्षा वेगळी, जुन्या ढंगाची फॅशन करणारी तरुण मंडळी, हा शब्द मला माझ्या मुलीने शिकवला. वांद्र्याच्या रणवार आणि चॅपल रोडच्या बाजूला राहणारी किंवा निदान तिथे चहा पिणारी ही मुले बाबांना कोड्यासारखी वाटत. पँट घोट्याच्या वर दोन इंच हवी, म्हणजे बाबांच्या भाषेत बिघडलेली. मिशीला मेण, गॅलिस म्हणजे खांद्यावरून जाणारे पट्टे लावलेली पँट आणि त्यावर आजोबांचे घड्याळ. गॅलिसची बटणे कमरपट्ट्याच्या आतून लावायची की बाहेरून, यावर एका मुलाने माझ्याशी अर्धा तास वाद घातला आणि शेवटी त्याचेच बरोबर निघाले. ही मंडळी वरवरची आहेत असे म्हणणे सोपे आहे, पण कापडाला हात लावून धागा ओळखणारे गिऱ्हाईक मला तीस वर्षांनी त्यांच्यातच भेटले.

2011 पासून दर फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव भरू लागला आणि आमच्या धंद्याचा तोल हळूहळू बदलला. वाजवणाऱ्यांपेक्षा ऐकायला जाणाऱ्यांच्या ऑर्डरी जास्त येऊ लागल्या. मंचावरचा माणूस कोट घामाने भिजवतो, दौऱ्यावर घडी करून बॅगेत कोंबतो आणि पैसे हप्त्याने देतो. ऐकणारा चार तास उभा राहतो, फोटो काढतो आणि पैसे एकरकमी देतो. तरीही मंचावरच्या माणसाचे माप आम्ही सोडले नाही, कारण दुसरा आमच्याकडे येतो तो पहिल्याच्या अंगावरचा कोट पाहून.

खणाच्या जाकिटाची चूक मात्र सर्वस्वी माझी. पाच जणांच्या एका बँडला खणाच्या कापडाची बंडीवजा जाकिटे हवी होती. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कोटाच्या कापडाच्या मानाने बराच अरुंद असतो हे मला माहीत होते, पण हिशोब मी सवयीने मोठ्या पन्ह्याचा केला आणि कापड कमी पडले. कापड वाचवण्याच्या नादात दोन जाकिटांचा एक पुढा उलटा बेतला गेला, आणि खणावरच्या नक्षीला वर-खाली असते हे कात्री चालल्यावर लक्षात आले. दुरून पाहणाऱ्याला कळले नसते. जवळून पाहिल्यावर एका छातीवर नक्षी उभी आणि दुसरीवर डोक्यावर. ती दोन्ही जाकिटे मी स्वतःच्या पैशाने नव्याने शिवली. त्यांतले एक अजून दुकानात टांगलेले आहे, आणि नव्या कारागिराला पहिल्या दिवशी मी तेच दाखवतो.

पैशाचा धडा वेगळ्या ठिकाणी मिळाला. एका आयोजकाने बारा जणांच्या ब्रास बँडसाठी कोट शिवून घेतले, कार्यक्रम झाला, कोट आमच्याकडे बघत मंचावर चमकले आणि बिल आजवर थकलेले आहे. तेव्हापासून निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय तागा उलगडायचा नाही, हा नियम आहे. दुसरा नियम उसवणीचा दर नव्या शिलाईइतकाच ठेवण्याचा. जुना कोट दुरुस्त करायला नव्यापेक्षा कमी पैसे पडावेत अशी गिऱ्हाइकाची समजूत असते, पण नवा कोट बेतताना कारागीर पुढे जात असतो आणि जुना उसवताना त्याला आधीच्या माणसाच्या प्रत्येक टाक्यामागे जावे लागते.

2016 मध्ये ब्लू फ्रॉग बंद झाले. 29 डिसेंबर 2017 च्या रात्री कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत 14 जणांचा जीव गेला. त्यानंतर शहरभर गच्चीवरच्या जागांची तपासणी आणि पाडापाडी सुरू झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्या वर्षीच्या हंगामात आमच्याकडे शिवून तयार असलेले कोट न्यायला कुणी आले नाही. बाबा पुढच्याच पावसाळ्यात गेले. 27 जानेवारी 2020 पासून मुंबईत ठरावीक भागांतली हॉटेले आणि मॉल चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली, दारूची वेळ मात्र रात्री दीडचीच राहिली. मुलीने उत्साहाने दुकान रात्री अकरापर्यंत उघडे ठेवण्याचा बेत केला. दोन महिन्यांत टाळेबंदी आली. बिहारचे आमचे दोन्ही कारागीर गावी गेले, आणि मी व मुलगी यांनी अस्तराच्या उरलेल्या कापडाचे मुखपट्टे शिवले. एक कारागीर परत आला, दुसऱ्याने दरभंग्याला स्वतःचे दुकान टाकले.

आता बेतण्याचे काम माझ्याकडे आणि बाकी सगळे मुलीकडे आहे. ऑर्डरी ती इन्स्टाग्रामवर घेते, कापड मंगळदास मार्केटातून आणि बटणे भुलेश्वरहून आणते. दुकान दुपारी बाराला उघडते, कारण वादक त्याआधी उठत नाही, आणि ट्रायल चारच्या आत उरकावी लागते, कारण पाचला त्याचे साउंडचेक असते. वाद्य घेऊन यायला सांगितले की नवी मुले आधी हसतात. मागच्या आठवड्यात एक मुलगी डबल बेस टॅक्सीच्या टपावर बांधून घेऊन आली. जिन्यावरून तो वर चढेना, तेव्हा मी टेप आणि खडू घेऊन खाली फूटपाथवर गेलो आणि तिथेच तिचे माप घेतले. डावा हात वर मानेपाशी, उजवा खाली कमरेशी, म्हणजे दोन बाह्यांची लांबी वेगळी. कोटाला गडद हिरवे कॉर्डरॉय निवडले आहे आणि बाजूला दोन इंच माया ठेवली आहे. पहिली ट्रायल गुरुवारी तीनला आहे, तीही फूटपाथवरच होईल असे दिसते.