पेन्सिल काढून घेतली, कात्री दिली – माझा अनुभव

आधीच सांगते, मी चित्रकलेची शिक्षिका वगैरे नाही. पाच ते सात वर्षांच्या नऊ पोरांना सहा रविवार चित्रकला शिकवते असं हौसेनं कबूल करून बसले आणि मग रात्री झोप उडाली. आंरी मातीस हा फ्रेंच चित्रकार निवडला, कारण त्याची कापलेल्या रंगीत कागदांची चित्रं सोपी वाटली. रंगीत कागद, कात्री, गम, झालं काम. झालं काय, कप्पाळ!

पहिल्या रविवारी त्याच्या 1953 च्या ‘गोगलगाय’ची प्रिंट समोर लावली आणि म्हटलं, चला, असं करूया. पोरांनी बरोब्बर तसंच केलं. एक पोरगा तर रडकुंडीला आला, का तर त्याचा हिरवा ‘तिथल्यासारखा’ नव्हता. संध्याकाळी नऊच्या नऊ कागद ओळीनं मांडून बघितले तर झेरॉक्स मारल्यासारखे दिसत होते, आणि चूक पोरांची नव्हती, नमुना समोर ठेवून मीच तसं करायला लावलेलं.

मग जरा वाचायला बसले की हा बाबा मुळात करायचा काय. 1941 मध्ये त्याचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, त्यानंतर बराच वेळ अंथरुणात नाहीतर चाकाच्या खुर्चीत, उभं राहून रंगवणं अवघड. मग मदतनीस कागदांना गुआश म्हणजे पाण्यात कालवायचा दाट रंग लावून द्यायचे, हा त्या रंगवलेल्या कागदात सरळ कात्री घालायचा, तुकडे टाचण्यांनी भिंतीवर लावायचे, आणि हा बसल्या जागेवरून सांगणार, तो जरा वर घे, तो तिकडे सरकव. चिकटवणं सगळ्यात शेवटी! आणि मी पोरांच्या हातात पहिल्या मिनिटाला ग्लू स्टिक दिली होती.

दुसऱ्या रविवारी म्हणून नुसते कागद रंगवले. चित्र नाही काही नाही, एका कागदाला एकच रंग, मोठा ब्रश. गुआश नव्हता, पोस्टर कलर चालतो, पण पाणी जास्त झालं की कागद पापडासारखा वाकडा होतो, आणि पोरांना पाणी घालायलाच तर आवडतं. वाकडे झालेले कागद जाड पुस्तकांखाली दाबायचे हे मला माहीत होतं, ते आधी पूर्ण वाळू द्यायचे असतात हे नव्हतं, त्यामुळे लाल आणि पिवळा एकमेकांना जे चिकटले ते आजतागायत तसेच आहेत.

तिसऱ्या रविवारी पेन्सिली गोळा करून डब्यात बंद केल्या. काय आरडाओरडा! ‘ताई, आधी काढल्याशिवाय कापायचं कसं?’ मी म्हटलं कात्रीनंच काढ. पहिली वीस मिनिटं सगळ्यांनी चौकोनच कापले. माझ्या लक्षात आलं की पोरं कागद घट्ट धरून कात्रीचा हात फिरवतात, मनगट पार उलटं होतं आणि रेघ तुटते. कात्रीचा हात एका जागी ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं कागद फिरवायचा, एवढं एकच दाखवलं, तर पानं, मासे, शेवाळासारखं काहीतरी, असे गोल वळणाचे आकार धडाधड पडायला लागले. एका मुलीला मात्र काही केल्या जमेना, कागद नुसता पात्यांमध्ये दुमडायचा. मी तिला दोनदा ‘नीट धर’ म्हटलं, आजही वाईट वाटतं, कारण ती डावखुरी होती. साधी कात्री डाव्या हातात धरली की दाबताना पाती एकमेकांपासून लांब जातात, कापणार कशी? पुढच्या वेळी डावखुऱ्यांची कात्री आणली आणि ती सगळ्यांच्या पुढे गेली.

चौथ्या रविवारी गम लपवून ठेवला. तुकडे फक्त मोठ्या कागदावर ठेवायचे, सरकवायचे, लांबून बघायचे. हा सगळ्यात मस्त दिवस. पान कापून उरलेला कागद एकजण फेकायला निघाला, मी थांबवलं, कारण मातीसनं ‘जॅझ’ या 1947 च्या पुस्तकात अशी उरलेली कापणंसुद्धा वापरलीत. मग काय, पोरं कचऱ्याच्या टोपलीतून आपापले तुकडे शोधायला लागली, त्यावरून दोन भांडणंपण झाली.

‘गोगलगाय’ परत काढली ती पाचव्या रविवारी. प्रिंट छोटी असते त्यामुळे पोरांना वाटतं चित्र वहीएवढंच. खरं ते साधारण 2.87 मीटर रुंद आणि जवळपास तेवढंच उंच. खडूनं जमिनीवर तेवढा चौकोन आखला आणि पोरांना डोक्याला पाय लावून झोपवलं, एका बाजूला अडीच पोरं मावली. (अर्धा कोण यावर वाद.) मग त्यांना ‘बोट’ची गोष्ट सांगितली. मातीसचंच 1953 चं कागदकाम, पाण्यावर बोट आणि खाली तिचं प्रतिबिंब. 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते 47 दिवस उलटं टांगलेलं होतं, आणि चूक ओळखली ती बघायला आलेल्या एका बाईनं. पोरं इतकी हसली की पुढचा अर्धा तास प्रत्येकजण आपलं चित्र उलटं करून ‘ताई ओळख’ करत होता, आणि दोघांनी तर उलटंच बरं दिसतंय म्हणून तसंच चिकटवलं.

सहाव्या रविवारी पालकांना बोलावलं. नऊ चित्रं, एकासारखं दुसरं नाही. एका आजोबांनी विचारलंच, ‘हे नक्की काय आहे?’ नातू म्हणाला, ‘अजून ठरलं नाही.’ मी भिंतीवर सगळी घाईघाईत लावली होती. ती डावखुरी मुलगी आपल्या चित्रासमोर मान वाकडी करून बराच वेळ उभी राहिली, मग माझी ओढणी ओढून हळूच म्हणाली, ‘ताई, तू पण केलंस.’

काढून सुलटं लावलं, निमूटपणे. आता नवीन मुलं आली की रंग उघडायच्या आधी कागदाच्या मागे नाव घालून घेते, आणि चिकटवून झालं की ज्याचं त्यालाच विचारून वरच्या बाजूला बाण काढते.