‘बिग टाउन’सोबत एक दुपार

आज दुपारी ‘बिग टाउन’ या १९५० साली अमेरिकेत सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीवर सुरू झालेल्या मालिकेचा एक जुना कृष्णधवल भाग पाहिला. ‘इलस्ट्रेटेड प्रेस’ या दैनिकाचा संपादक स्टीव्ह विल्सन एकट्याच्या हिमतीवर गुन्हेगारी टोळ्यांच्या मागे लागतो, हे आता थोडे भाबडे वाटते. परंतु मार्च १९५१मध्ये संघटित गुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या केफॉवर समितीपुढे साक्ष देताना माफिया म्होरक्या फ्रँक कॉस्टेलोने चेहरा दाखवण्यास हरकत घेतल्यामुळे कॅमेरा त्याच्या अस्वस्थ हातांवरच रोखला गेला आणि लाखो लोकांनी घरबसल्या ते हात पाहिले, हे लक्षात घेतले की त्या प्रेक्षकांना विल्सन खरा का वाटला असेल, हे उमगते. विल्सनची सहकारी पत्रकार लोरेलाय किलबर्न हिच्या भूमिकेतील अभिनेत्री मात्र इतक्या वेळा बदलल्या की मी मोजणे सोडून दिले.