तोसेई गुसोकु, टप्पा दुसरा: कुसाझुरीच्या पट्ट्या, भोकं आणि ओवणी

तोसेई गुसोकु, म्हणजे 16व्या शतकात रूढ झालेलं जपानी चिलखत, घरी बनवतो आहोत. त्यातलं ‘दो’, म्हणजे छाती-पाठीचं कवच, रिव्हेट मारून उभं आहे. प्रकार ओकेगावा: आडव्या पट्ट्या एकमेकींवर चढवून जोडलेल्या, डावीकडे बिजागरी, उजवीकडे नाडीने बांधायचं तोंड. 16व्या शतकात जपानात सैन्यं फुगली, तेव्हा हजारो बारीक खवले ओवत बसण्यापेक्षा सलग पट्ट्यांची कवचं रूढ झाली. घरी करणाऱ्यालाही हाच प्रकार झेपतो.

पत्रा ॲल्युमिनियमचा, मऊ प्रतीचा, 1.2 मिमी. एकमेकींवर चढणारा भाग धरून साधारण 0.55 चौरस मीटर लागला, म्हणजे 1.8 किलो. तेच 1 मिमी लोखंडी पत्र्यात 4.3 किलो झालं असतं. नुसतं घालून मिरवायचं असेल तर लोखंडाचा हट्ट धरू नये.

आता कुसाझुरी, म्हणजे कंबरेखाली मांड्यांवर लोंबणारे झुबे. सात झुबे, प्रत्येकी पाच पट्ट्या, एकूण 35. पत्रा 1 मिमी. प्रत्येक पट्टीची उंची 60 मिमी. रुंदी वरून खाली 135, 141, 147, 153, 159 मिमी. दोचा खालचा घेर 960 मिमी आहे, त्याला सात झुबे जवळजवळ भिडून बसतात. मात्र उजवीकडच्या तोंडावर कुठलाही झुबा आडवा येता कामा नये, नाहीतर कवच उघडणारच नाही. तिथे झुब्याची कड तोंडाच्या कडेशी जुळवून घ्यायची आणि बाकीचे त्यावरून मोजत जायचे.

खरं काम भोकांचं. प्रत्येक पट्टीवर ओवणीच्या चार जागा, प्रत्येक जागी चार भोकं: वरच्या कडेपासून 8 मिमीवर दोन, 20 मिमीवर दोन, जोडीतलं आडवं अंतर 12 मिमी. म्हणजे 560 भोकं, आणि दोच्या खालच्या पट्टीवरच्या 28 जोड्या वेगळ्या. पहिली आणि शेवटची जागा बाजूच्या कडेपासून 18 मिमीवर (जोडीच्या मध्यापासून मोजून). मधलं अंतर पहिल्या ओळीत 33 मिमी, नंतर प्रत्येक ओळीला 2 मिमी वाढवत 41 पर्यंत. पाचही ओळींना एकच साचा वापरायचा मोह होतो. तसं केलं की खालच्या पट्ट्यांचे कोपरे नाडीच्या बाहेर लांब उरतात आणि चालताना फडफडतात. म्हणून पाच साचे कापायचे आणि एका ओळीच्या सातही पट्ट्या एकत्र दाबून भोकं पाडायची.

पातळ पत्र्यात ड्रिलचं साधं बिट तिकोनी भोक पाडतं, कारण बिटाची पूर्ण गोलाई पत्र्यात बसण्याआधीच टोक पलीकडे निघतं आणि बिट थरथरतं. त्यावर उपाय सोपा: सात पट्ट्यांची चळत दोन प्लायच्या तुकड्यांमध्ये क्लॅम्पने करकचून आवळायची आणि आधी 3 मिमीचं भोक, मग मोठं. वरच्या जोडीला 5 मिमी, खालच्या जोडीला 6 मिमी. खालच्या भोकातून नाडी दोनदा जाते, म्हणून. मग 10 मिमीचं बिट हातात धरून प्रत्येक भोकाची बर, म्हणजे कडेला उठलेली धारदार कोर, दोन्ही बाजूंनी खरवडायची. कंटाळवाणं आहे, पण बर राहिली तर नाडी आठवडाभरात कातरते, आणि ती कातरते पट्टीच्या मागे, जिथे दिसत नाही.

बाक देणं भोकांनंतर, पाइपवर रबरी हातोडीने. हाताने नुसतं दाबलं तर पत्रा भोकांच्या रांगेत मोडल्यासारखा वळतो. खालची पट्टी वरच्या पट्टीच्या बाहेरून बसते, हे इथे विसरायचं नाही. तिचा बाक किंचित मोकळा हवा, नाहीतर पट्ट्या एकमेकींना घासून रंग उडवतात. सगळ्यात खालच्या पट्टीवर शेवटी लाल फुल्यांची ओळ येते (हिशिनुई). तिची भोकंही रंगाआधीच पाडून ठेवायची.

रंगाबद्दल थोडक्यात. ॲल्युमिनियमवर रेड ऑक्साइड धरत नाही, पापुद्रा सुटतो. एच (etch) प्रायमरच हवा, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरणारा. त्यावर दोन घटकांचा काळा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, पातळ तीन हात. पावसाळ्यात मारू नये, दमट हवेत वर पांढुरकी झाक येते. गंमत अशी की खऱ्या जपानी कवचावरची उरुशी, म्हणजे झाडाच्या चिकाचं रोगण, नेमकी उलट वागते: तिला घट्ट व्हायला 70–80 टक्के आर्द्रता लागते. उरुशी घरी वापरायचा विचार असेल तर तिच्या चिकाने कातडीला जबरदस्त ॲलर्जी येते, हे आधी लक्षात घ्यावं. पीयू हाताला कोरडा लागला म्हणून लगेच ओवायला बसू नये. पुरता पक्का होण्याआधी नाडी आवळली तर तिची वीण रंगात उमटते आणि मग पुसता येत नाही.

नाडी 8 मिमी सपाट, पॉलिस्टरची, विणलेली. सुती नाडी ताणते आणि विटते. विकत आणलेली नाडी आधी दोन किलोचं वजन लावून रात्रभर टांगायची. टोकाला 30 मिमीपर्यंत फेविक्विक लावून तिरपं कापलं की सुई लागत नाही.

ओवणी सुगाके पद्धतीची, म्हणजे जोडी-जोडीने, मध्ये मोकळी जागा सोडून. वरच्या पट्टीच्या खालच्या भोकांतून बाहेर आलेल्या दोन नाड्या तिच्या तोंडावरून उतरतात, खालच्या पट्टीच्या मागे शिरतात आणि तिच्या वरच्या जोडीतून पुढे येतात. इथे त्यांची फुली करायची: डावी उजव्या खालच्या भोकात, उजवी डाव्या. मागे पुन्हा ओलांडून आपापल्या बाजूच्या भोकातून बाहेर. या दुहेरी वळणामुळे गाठ न मारता पट्टी जागेवर धरते. एका टप्प्याला एका नाडीची साधारण 70 मिमी लांबी जाते. चार टप्पे, दोकडे जाणारा वरचा लांब भाग आणि टोकं धरून प्रत्येक जागेला 1 मीटर पुरते. 28 जागांना 28 मीटर, 32 आणावी.

पट्ट्या 12 मिमी एकमेकींवर चढतात, म्हणजे दर 48 मिमीला एक. हे अंतर डोळ्याने सांभाळता येत नाही. प्लायवर 48 मिमीच्या रेघा आखून, पट्ट्यांच्या कडांना खिळे ठोकून त्या स्थिर करायच्या आणि मगच ओवायचं. आधी मधल्या दोन जागा, मग कडेच्या. एका बाजूने ओवत गेलं तर ताण सरकत जातो आणि झुबा विळ्यासारखा वाकतो. भोकात शिरताना नाडीला पीळ पडतो, तो प्रत्येक भोकाला तिथल्या तिथे सोडवायचा. चार पट्ट्या पुढे गेल्यावर सुटत नाही. ताण किती, याची खूण एकच: खालची पट्टी उचलली की पाचही पट्ट्या एकमेकींत सरकून गोळा झाल्या पाहिजेत. अडकल्या तर नाडी घट्ट आहे, आणि असा झुबा बसताना मांडीत रुततो.

दो आणि पहिली पट्टी यांच्यामध्ये 60 मिमी उघडी नाडी सोडली आहे. कंबरपट्टा, म्हणजे उवा-ओबी, दोच्या खालच्या कडेशी आवळून बांधला की खांद्यावरचा बराच भार कमरेवर येतो, आणि झुबे त्याखाली मोकळे हलतात. 60 मिमीपेक्षा कमी सोडलं तर पट्टा पहिल्याच पट्टीवर चढतो आणि झुबे बाहेर फाकतात.

अडचण एकच उरली आहे: 1 मिमी ॲल्युमिनियमची शेवटची पट्टी फार हलकी पडते, वळताना उडते. सातही झुब्यांच्या शेवटच्या पट्टीला आतून 3 मिमी जाडीची, 20 मिमी रुंद लोखंडी पट्टी चिकटवून पाहतो आहोत. त्याने प्रत्येकी साधारण 70 ग्रॅम वजन वाढतं. पुढे शिरस्त्राणाची मानेवरची झालर, शिकोरो. तिथे पट्ट्या खाली पसरत जातात, त्यामुळे ओवणीच्या जागा मिलिमीटरने नाही, अंशाने आखाव्या लागतील.