होस्कुल्दचं शेत आणि न्यालचं घर

आइसलँडमध्ये रेक्याविकहून रिंग रोडने पूर्वेला साधारण १०५ किलोमीटरवर ह्वोल्सव्होलुर गाव लागतं. पेट्रोल इथेच भरून घ्यावं. पुढे समुद्राकडे वळलं की सखल कुरणं, मेंढ्या आणि वारा. गाडी उभी करताना तिचं तोंड वाऱ्याकडे ठेवायचं. वारा मागून आला तर दार हिसकून बिजागरी वाकते, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात हे सहसा बसत नाही.

आम्ही आलो होतो न्यालच्या सागेतल्या, म्हणजे जुन्या आइसलँडी गद्यकथेतल्या, होस्कुल्दच्या मागावर. ती लिहिली गेली तेराव्या शतकात, पण त्यातल्या घटना इ.स. १०००च्या आसपासच्या. होस्कुल्दचा बाप थ्राइन याला न्यालच्या मुलांनी मारकारफ्ल्योत नदीच्या गोठलेल्या पात्रावर मारलं. भरपाईची चांदी दिली गेली, आणि न्यालने पोर स्वतःच्या घरी वाढवायला नेलं. बाप कसा मेला, ठाऊक आहे का, असं न्यालने त्याला विचारलं. पोराचं उत्तर: स्कार्पहेदिनने (न्यालच्या मुलाने) मारला, पण भरपाई झाली, ते उकरायला नको.

पुढे होस्कुल्दसाठी मागणी घातलेल्या हिल्दिगुन्नुरने अट घातली की नवरा गोदी, म्हणजे सरदार, हवा. तर न्यालने कायद्यात नवं न्यायालय आणून तीही जागा मिळवून दिली. वैर मिटवायला जे करता येतं ते सगळं झालं होतं! तरी मोर्द नावाच्या कपटी माणसाच्या चहाडीवर विश्वास ठेवून न्यालच्याच मुलांनी होस्कुल्दला गाठून मारलं. तो धान्य पेरत होता. एका हातात बियाण्याची टोपली, दुसऱ्यात तलवार.

थिंगव्हेलिरला, जिथे ९३० पासून आल्थिंग, म्हणजे देशाची सभा, भरे, प्रवेशशुल्क नाही, पार्किंगचं मात्र आहे. लोगबेर्ग, म्हणजे कायद्याचा खडक, झेंड्याच्या काठीवरून ओळखायचा. न्यायालय निकाल देई, पण तो अमलात आणणारं सरकारी बळ नव्हतं. ते ज्याचं त्याने पाहायचं. म्हणून सगळी भिस्त तडजोडीवर. बारा पंचांनी होस्कुल्दच्या खुनाची तिप्पट भरपाई ठरवली, ६०० औंस चांदी, तीही जागेवरच. निम्मी पंचांनी स्वतः भरायची. न्यालने ढिगावर रेशमी झगा ठेवला आणि तिथेच बिनसलं. हिल्दिगुन्नुरचा काका फ्लोसी याने विचारलं, हा कुणी दिला? कुणी बोलेना. त्याने न्यालच्या दाढी नसण्यावर टोमणा मारला, स्कार्पहेदिनने उलट त्याच्या अंगावर निळी विजार फेकली. तह मोडला.

मग फ्लोसी माणसं घेऊन न्यालच्या घरावर, बेर्गथोर्सह्वोलला, चालून आला. तिथे न्यालने मुलांना घरात शिरायला लावलं. आमच्या मते खरी चूक ती. उघड्यावर लढले असते तर कदाचित निभावलं असतं. हल्लेखोरांनी आधी दारात आग लावली, ती बायकांनी दह्याची निवळ ओतून विझवली. मग घरामागची वाळल्या तणाची गंजी पेटवली आणि छत धरलं.

आज इथे चालू शेतवाडी आहे, विचारल्याशिवाय आत जाऊ नये. जळकं घर शोधू नका. उत्खननात जळालेल्या आडघराचे अवशेष मिळाले, राहत्या घराचे नाहीत.