सहाव्या तासाचं हेल्मेट

"ताई, लांबच्या राइडसाठी फुल फेस, म्हणजे हनुवटीही झाकणारं हेल्मेट घ्यायचंय. कोणतं घेऊ?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणाऱ्याला कंपनीचं नाव आणि मॉडेल हवं असतं. मी उलट विचारते, डोक्याचं माप घेतलंय का? बहुतेकांनी घेतलेलं नसतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

टूरिंगचं हेल्मेट निवडताना राइडचा सहावा तास डोळ्यांसमोर आणा. मान आखडलेली असते, अंगावर घाम सुकलेला असतो. कुठंतरी टोचतंय म्हणून आपण पट्टा सैल करतो, वाफ धरली म्हणून काच वर करतो. पट्टा सुटलेलं हेल्मेट पडताना डोक्यावरून निघून जाऊ शकतं आणि काच उघडी असली की डोळे उघडेच. म्हणून हेल्मेटचा आराम मी चैनीत धरत नाही. जे तुम्ही सहाव्या तासालाही घट्ट बांधून, काच बंद ठेवून घालाल, तेच तुमचं हेल्मेट.

हे मला कराडला कळलं. नवं कोरं हेल्मेट घालून पुण्याहून कोल्हापूरला निघाले होते. माप बरोबर होतं, 56 सेंटिमीटर. खंबाटकी ओलांडेपर्यंत काही जाणवलं नाही. साताऱ्याच्या अलीकडे कपाळाच्या मधोमध दाबल्यासारखं व्हायला लागलं, उंब्रज येईतो डोकं ठणकत होतं. कराडला चहाला थांबले. हेल्मेट काढलं तर टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, "कपाळाला काय लागलंय गं?" रुपयाएवढा लालभडक वण उठला होता. पुढचे सत्तरेक किलोमीटर मी पट्टा सोडून, हेल्मेट जरा मागे सारून गेले. हायवेवर, ट्रकांच्या मधून. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

घेर जुळला होता, आकार जुळला नव्हता. वरून पाहिलं तर कुणाचं डोकं जवळजवळ गोल असतं, कुणाचं पुढून मागे लांबट, बऱ्याच जणांचं या दोहोंच्या मधलं. हेल्मेटच्या आतली पोकळीही अशीच निरनिराळी असते. लांबट डोकं गोल हेल्मेटमध्ये घातलं की कपाळ दाबतं आणि कानशिलांपाशी फट राहते. गोल डोकं लांबट हेल्मेटमध्ये गेलं की कानशिलं ठणकतात. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही हा फरक असतो. मी काय घालते ते सांगून तुमचा काहीच फायदा नाही, तो यामुळे.

तेव्हा दुकानात जा. जाण्याआधी शिंप्याची टेप भुवयांच्या दोनेक सेंटिमीटर वरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवून माप घ्या. केस राइडला जसे बांधता तसेच बांधून जा. माझी वेणी मानेवर खाली असते, अंबाड्यावर हेल्मेट बसतच नाही. चष्मा असेल तर तो घालून पाहा, काड्या गाद्यांमधून सरळ सरकल्या पाहिजेत. जाड ओढणी गुंडाळून घेतलेलं माप ओढणी काढल्यावर सैल होतं, त्यापेक्षा हेल्मेटखाली घालायची पातळ कापडी टोपी, बालाक्लाव्हा, बरी.

हेल्मेट घालून हनुवटीपाशी धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. गालांची, कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. मग पट्टा बांधून मागच्या कडेला धरून पुढे ओढा. डोक्यावरून निघून आलं तर ते तुमचं नव्हे. इतकं झालं की ते डोक्यावर ठेवूनच अर्धा तास दुकानात बसा. दुकानदार बघेल, बघू दे. नव्या हेल्मेटमध्ये गाल दाबले गेले तर घाबरू नका, गालाच्या गाद्या वापरून थोड्या बसतात. कपाळावर एकाच जागी दाबत असेल तर मात्र उतरवा. तिथं पातळ अस्तरामागे कडक थर्माकोल असतो आणि तो वापरून सैल होत नाही.

आता पाऊस. जुलैत आंबोली चढलेल्यांना वेगळं सांगायला नको. बाहेर धुकं, आत श्वासाची वाफ, आणि समोरच्या एसटीचे दिवे नुसते दोन लाल डाग. काच उघडली की थेंब सुयांसारखे टोचतात. यावर मला खरा उपयोग झालेला उपाय म्हणजे पिनलॉक. काचेच्या आतल्या बाजूला दोन पिनांवर बसणारी ही दुसरी पातळ काच. तिच्या कडेला सिलिकॉनची पट्टी असते, त्यामुळे दोन्ही काचांमध्ये हवा अडकते. बाहेरची काच गार पडली तरी आतली तेवढी गार होत नाही आणि वाफ धरत नाही. पिनलॉक नंतर घेता येतं, पण काचेला पिना असाव्या लागतात, तेवढं घेताना पाहा. आपल्या घाटांसाठी मी आकर्षक ग्राफिक्सवर एक रुपया जास्त देणार नाही, पण पिनलॉकवर देईन. काळी काच रात्री नकोच. उन्हासाठी आत सरकणारी गडद काच असलेलं मॉडेल घ्या, बोगदा आला की एका बोटानं वर जाते.

आवाजाबद्दल लोक क्वचित विचारतात. ताशी नव्वद-शंभरला हेल्मेटभोवतीचा वारा इतका घोंघावतो की संध्याकाळी कान सुन्न होतात आणि हा त्रास वर्षानुवर्षं साठत जातो. महागडं हेल्मेटही तो पूर्ण थांबवत नाही. फोमचे इअरप्लग वापरा, हॉर्न तरीही ऐकू येतो.

प्रमाणपत्राचं थोडक्यात. भारतात दुचाकीचं हेल्मेट आयएसआय चिन्हाचंच हवं, त्याचं मानक आयएस 4151. 1 जून 2021 पासून या चिन्हाशिवाय हेल्मेट विकणं बेकायदा आहे. तरीही रस्त्याकडेला मिळणाऱ्या कित्येक हेल्मेटांवर नुसता स्टिकर असतो. चिन्हाखाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून तपासा. बजेट असेल तर शिवाय ईसीई 22.06 हे युरोपातलं मानक असलेलं घ्या. त्यात वेगवेगळ्या वेगांच्या आदळण्याबरोबर तिरक्या आदळण्यानं डोकं किती गरकन फिरतं तेही मोजतात आणि रस्त्यावर आपण क्वचितच सरळ आपटतो. पुढचा भाग उचलता येणारं मॉड्युलर घेणार असाल तर ईसीईच्या लेबलवर पी/जे पाहा. म्हणजे बंद असताना त्याची फुल फेस म्हणून चाचणी झालेली असते.

आणि फुल फेसच का, हेही काहीजण विचारतात. वरंध घाटात महाडकडे उतरताना वळणावर बारीक खडी होती. वेग तीस-पस्तीसचा. पुढचं चाक सरकलं आणि मी तोंडावर पडले. उठले तेव्हा गुडघा सोलवटला होता, मनगट मुरगळलं होतं. चेहऱ्याला काही नव्हतं. हेल्मेटच्या हनुवटीवर मात्र दोन बोटं रुंद खरवड पडली होती, रंगाखालचं पांढरं दिसेपर्यंत. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत मी अर्धं हेल्मेट घालायचे.

ते हेल्मेट घरी आणलं. भाऊ म्हणाला, "एवढं चांगलं आहे, रंग मारून घे." पण आतला थर्माकोल एकदाच दबतो. धक्का खाऊन तो दबला की पुन्हा फुगत नाही आणि बाहेरून ते दिसतही नाही. भंगारात देण्याआधी मी कात्रीनं त्याचे दोन्ही पट्टे मुळापासून कापले, कुणी उचलून परत डोक्यावर घालू नये म्हणून.