अ‍ॅस्टन रोवंट अपडेट: यंदा अंडं सापडलं!

मंडळी, यंदाचं टार्गेट एकच आहे असं मागच्या लॉगमध्ये लिहिलेलं, सिल्व्हर-स्पॉटेड स्किपर या छोट्या फुलपाखराचं अंडं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. झालं! 16 ऑगस्टला दुपारी, आणि अजून मी त्याच आनंदात आहे.

ज्यांनी आधीचे लॉग वाचले नाहीत त्यांच्यासाठी पटकन, अ‍ॅस्टन रोवंट म्हणजे इंग्लंडमधे चिल्टर्न टेकड्यांच्या कडेला असलेलं नॅशनल नेचर रिझर्व्ह, मला रेडिंगहून गाडीने जवळ पडतं. खडूच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या, डोंगरावरचं माळरान. माती जेमतेम बोटभर, जरा कुठे सशाने उकरलं की खाली पांढरा खडू दिसतो. मूळची सातारची असल्याने मला कासचा सडाच आठवतो, तिथे खाली जांभा आणि इथे खडू, पण गोष्ट तीच, माती पातळ आणि निकस, त्यामुळे दांडगं गवत माजत नाही आणि छोट्या छोट्या फुलझाडांना जागा मिळते. चांगल्या जागी एका चौरस मीटरमधे 40 पर्यंत वनस्पतींच्या जाती मिळतात! बरोब्बर मधून एम40 मोटरवे डोंगर कापून गेलाय, त्याचा आवाज सतत असतो, आणि वर रेड काइट घारी शीळ घालत फिरत असतात (या घारी 1989 पासून स्पेनहून आणून चिल्टर्नमधे परत वसवल्या, आज इतक्या आहेत की कोणी मान वर करून बघतही नाही, मी बघते).

आता सीझनचं. मे-जून माझ्याकडून थोडेच राऊंड झाले, पाऊस आणि ऑफिस. जूनमधे एक पेंटेड लेडी फुलपाखरू भेटलं, तेच जे साताऱ्यात आमच्या घरामागे यायचं, इतक्या लांब ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. जुलैच्या शेवटी चॉकहिल ब्लू फुलपाखरं जोरात, नर फिकट चंदेरी-निळे, एकेका मेंढीच्या लेंडीवर चार-पाच बसून सोंड लावून क्षार ओढत होते. यांच्या अळ्या हॉर्सशू व्हेच नावाच्या पिवळ्या फुलाच्या वेलीसारख्या झाडावर वाढतात आणि मुंग्या त्यांच्या अंगातून येणाऱ्या गोड रसासाठी त्यांच्यामागे असतात. वारुळं तर सगळ्या उतारावर आहेत, त्यांच्यावर बसू नका प्लीज.

पहिला सिल्व्हर-स्पॉटेड 28 जुलैला. ओळखायचा कसा ते परत लिहिते कारण मागच्या वर्षी माझ्याच नोंदी चुकल्या होत्या, लार्ज स्किपर या दिसायला सारख्या फुलपाखराला मी हाच समजून तीन आठवडे मोजलं आणि नंतर सगळं खोडावं लागलं. पंख मिटलेले असताना खालची बाजू बघा, हिरवट रंगावर पांढरेशुभ्र चांदीसारखे ठिपके असतील तर हाच. लार्ज स्किपरचे ठिपके पिवळट आणि पुसट. उडताना नाद सोडा, जमिनीलगत इतक्या वेगाने जातो की नजर पोचत नाही, फुलावर बसू द्या, बुटक्या थिसलवर (काटेरी फुलझाड) हमखास बसतो.

बरं, 16 ऑगस्ट. 24 डिग्री, ऊन, वारा नाही. या फुलपाखराला ऊब लागतेच, ढग आला की जमिनीला चिकटून बसतं. मागच्या दोन वर्षांत मी फुलपाखरांच्या मागे धावले, यंदा ठरवलं की एका जागी बसायचं आणि गवताकडे बघायचं. पायवाटेच्या कडेला, दक्षिणेकडच्या उतारावर, जिथे मेंढ्यांच्या खुरांनी माती उघडी पडलीये तिथे बसले. चाळीस मिनिटं काही नाही. मग एक मादी आली, उडत कमी आणि चालत जास्त, गवताच्या एका झुपक्यावर चढली, उतरली, दुसऱ्यावर गेली, नको, तिसऱ्यावर थांबली आणि पोट खाली वाकवून दोन सेकंदात उडून गेली. मी आधी त्या झुपक्याशेजारी पेन टाकलं, जागा हरवू नये म्हणून. मग भिंग. पातीवर एकच अंडं, मोहरीहून लहान, दुधाळ पांढरं, उलट्या वाटीसारखं!

गवत शीप्स फेस्क्यू, अळी तेवढंच खाते. पट्टी लावून मोजलं, झुपका 3 सेंटीमीटर उंच, एका बाजूला उघडा खडू. हे मोजमाप मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गवत आहे एवढ्याने भागत नाही, ते आखूड हवं आणि शेजारी तापलेली उघडी जमीन हवी. 1953 मधे इंग्लंडात मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाची साथ आली, बहुतेक सगळे ससे मेले, गवत वाढलं आणि हे फुलपाखरू कितीतरी टेकड्यांवरून गेलं, डोंगर तोच, फुलंही होती, पण हा तीन सेंटीमीटरचा झुपका राहिला नाही. चिल्टर्नमधे तग धरून राहिलं. मेंढ्या चारणं नीट सुरू झाल्यावर, ससे परत वाढल्यावर आणि उन्हाळेही गरम झाल्यावर ते पुन्हा पसरलं. म्हणून रिझर्व्हमधे मेंढ्या बघून कोणी "अरे सगळी फुलं खातायत" म्हणालं की मी थांबून समजावते, दहा मिनिटं गेली तरी चालतील.

त्या दिवशी एका तासात तीन माद्या आणि चार अंडी, चारही झुपके 2 ते 4 सेंटीमीटरमधे. एकही पाती हलवली नाही, जवळ जाऊन फोटो काढायचा मोह झाला पण तिथे गुडघा टेकला असता तर दोन झुपके दबले असते, म्हणून फोटो लांबूनच, ब्लर आहे, चालवून घ्या.

27 सप्टेंबरला परत गेले, फुलपाखरं संपली होती. चारपैकी तीन अंडी मिळाली, चौथा झुपका ओळखताच आला नाही. ही अंडी असाच हिवाळा काढतात, पातीवर, पाऊस बर्फ सगळं झेलत, आणि मार्चमधे अळी बाहेर येते. तिन्ही जागांचं पायवाटेच्या खांबापासूनचं अंतर पावलांत मोजून वहीत लिहिलंय. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर शनिवारी जायचं ठरवलंय, कोणी जवळपास राहत असेल तर सांगा, माझ्याकडे एक जास्तीचं भिंग आहे.