शिक्षण खातं चालवतं कोण? ३० सप्टेंबर!

शिक्षण खातं कोण चालवतं असं विचारलं की लोक मंत्र्यांचं नाव घेतात, थोडे आतले असले तर पुण्यातल्या आयुक्तांचं. मी मराठवाड्यात झेडपीच्या शाळेवर आहे, माझ्या मते खातं चालवते ३० सप्टेंबर ही तारीख. त्या दिवशी पटावर लेकरं किती, त्यावरून शाळेला शिक्षक किती ते ठरतं. याला संचमान्यता म्हणतात. गावातल्या पालकांना याचा पत्ताही नसतो, पण आमच्या स्टाफरूममध्ये (स्टाफरूम कसली, व्हरांड्यातल्या दोन खुर्च्या) वर्षभर दुसरा विषय नसतो.

कागदावरची उतरंड सोपी आहे. शाळेच्या वर केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, विभागाला उपसंचालक, पुण्यात संचालक आणि आयुक्त, सगळ्यात वर मंत्रालय. पुस्तकं बालभारतीची, ट्रेनिंग एससीईआरटी या राज्याच्या शैक्षणिक संशोधन संस्थेचं, शिष्यवृत्ती आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) परीक्षा परिषदेची, दहावी-बारावी बोर्डाची, समग्र शिक्षाचा पैसा मुंबईच्या प्राथमिक शिक्षण परिषदेतून. गोची अशी की झेडपीच्या मास्तरांच्या बदल्यांचं धोरण ग्रामविकास विभागाचं. म्हणजे कुठे शिकवायचं ते एक खातं ठरवणार, काय शिकवायचं ते दुसरं, आणि माहिती दोघांनाही आजच्या आज पाचच्या आत हवी. ग्रुपवर मेसेज पडतो, अति तातडीचे, निरंक असल्यास निरंक कळवावे. आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, हेसुद्धा लेखी सांगायचं!

तर पट. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ६० पर्यंत पोरं असली की दोन शिक्षक, ६१ झाली की तिसरा. आता बघा, पाच वर्ग आणि ५९ लेकरं असली तरी दोघांनीच सांभाळायचं, एकीकडे पहिलीला अक्षरओळख चालू असते तेव्हाच दुसऱ्या कोपऱ्यात तिसरीला वजाबाकी, आणि त्यातल्या एकाला ट्रेनिंगला बोलावलं की उरलेला एकटा पाचही वर्ग घेऊन बसतो. त्या दोन लेकरांसाठी जूनमध्ये शिक्षक वस्त्यावस्त्यांवर फिरतात, पालकांच्या पाया पडायचं तेवढं बाकी असतं, कारण इंग्लिश मीडियमची पिवळी बस दारापर्यंत येते. पट घसरला की तिसरा माणूस ‘अतिरिक्त’ ठरतो, त्याचं दुसरीकडे समायोजन. आणि जागा रिकामी राहिली तर ती भरायची पवित्र पोर्टलवरून, म्हणजे परीक्षा, प्राधान्यक्रम, याद्या, मधेच कोर्ट केस, तोवर पहिलीतलं लेकरू तिसरीत गेलेलं असतं.

आणि नुसतं लेकरू वर्गात बसून चालत नाही, त्याचं आधार व्हॅलिड लागतं. आमच्याकडे दुसरीत एक पोरगी आहे, रोज सगळ्यात आधी येते, पाढे पाठ, पण जन्मदाखल्यावर नाव एक, आधारवर आजीने सांगितलेलं घरातलं नाव आणि जन्मतारीख १ जानेवारी. लेकरांच्या नोंदीचं पोर्टल म्हणतं मिसमॅच. मग वडिलांनी मजुरी बुडवून तालुक्याला जायचं, तिथे सर्व्हर डाऊन, परत यायचं. पोरगी वर्गात हजर आणि संचमान्यतेत गैरहजर!

हे आधारचं खूळ उगीच आलेलं नाही, हेपण सांगायला पाहिजे. २०११ मध्ये ऑक्टोबरच्या ३ ते ५ तारखेला राज्यभर एकदम पटपडताळणी झाली होती, एकच लेकरू दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली. नांदेडला आधी असाच प्रयोग झाला होता आणि तिथे बोगस पट सापडल्यावर सरकारने तो सगळीकडे नेला. कागदावर पोरं, त्यांच्या नावावर तुकड्या, तुकड्यांवर पदं, पदांवर पगार, असा तो धंदा होता. म्हणजे आज माझ्या वर्गातल्या पोरीला जी शिक्षा चालू आहे, ती कुठल्यातरी संस्थाचालकाने कमावलेली आहे. बरं, एवढं करून चोरी थांबली का? २०२५ मध्ये नागपूरला बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं, पगाराच्या सिस्टीममध्ये चुकीच्या मार्गाने शिक्षकच घुसवलेले, अधिकाऱ्यांना अटका झाल्या. लेकराच्या नावात वेलांटी चुकली तर पोर्टल पकडतं, अख्खा मास्तर खोटा असला तर वर्षानुवर्षं पगार निघतो.

वरून निर्णय कसे येतात त्याचा एक नमुना. ५ सप्टेंबर २०२४, शिक्षकदिन. जीआर आला की २० किंवा कमी पटाच्या शाळेत दोनातली एक जागा कंत्राटी माणसाला द्यायची, महिना १५ हजार. शिक्षक रस्त्यावर उतरले, सामूहिक रजा टाकली, तोवर २० चे १० झाले होते, आणि २०२५ उजाडल्यावर सगळंच रद्द. गणवेशाचंही तेच, आधी शाळा व्यवस्थापन समिती गावातल्या टेलरकडून शिवून घ्यायची, मग एक राज्य एक गणवेश, कापड वरून, शिलाई बचत गटांकडे, कितीतरी ठिकाणी १५ ऑगस्ट जुन्याच कपड्यांवर, आणि २०२४ च्या डिसेंबरात परत समितीकडे. पहिलीपासून हिंदीचा जीआर एप्रिल २०२५ मध्ये काढला, जूनमध्ये बदलला आणि जूनच्या शेवटी मागे घेतला, ते तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच. मला राग निर्णय बदलल्याचा नाही, चुकलं तर बदलावंच. पण काढायच्या आधी एखाद्या द्विशिक्षकी शाळेत जाऊन दिवसभर बसायला काय जातं?

आता पुन्हा ३० सप्टेंबर. आमच्या भागातून ऊसतोडीला माणसं दसरा-दिवाळीनंतर निघतात. म्हणजे पट मोजताना वर्ग भरलेला आणि डिसेंबरात अर्धा रिकामा. हंगामी वसतिगृह, म्हणजे मागे राहिलेल्या लेकरांच्या जेवणाची सोय, वेळेत मंजूर झालं तर लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात, उशीर झाला की आईबापाबरोबर फडावर जातात, कारण ट्रॅक्टर मंजुरीसाठी थांबत नाही. मार्च-एप्रिलमध्ये परततात तेव्हा अक्षरं विसरलेली असतात, पण हे कुठल्याच रकान्यात बसत नाही, रकाना फक्त सप्टेंबरचा आहे.

माझी मागणी साधीच आहे. एका दिवसाचा पट नको, तीन वर्षांची सरासरी धरा, म्हणजे एका लेकराने शिक्षकाची नोकरी गावाबाहेर जाणार नाही. आधार मिसमॅच असेल तर केंद्रप्रमुखाने वर्गात येऊन लेकरू डोळ्याने बघावं आणि सही करावी, केंद्रप्रमुख तसेही महिन्यातून येतातच. आणि हंगामी वसतिगृहाची मंजुरी ३० सप्टेंबरच्या आधी हातात द्या, कारण तेव्हा कोण जाणार आणि कोण राहणार याची यादी आमच्याकडे नावानिशी तयार असते, फक्त ती अजून कुणी अति तातडीने मागितलेली नाही.